आजीच्या फोनवरून पैसे उडवले म्हणजे संस्कार वाया गेले का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सुदामानगरच्या एक ताई विचारतायत, मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. आजीच्या फोनवरून चार वेळा मिळून १,४०० रुपये गेममधल्या डायमंडवर घालवले. आजीला पिन लक्षात राहत नाही म्हणून पिन यानेच सेट करून दिला होता. पकडला गेला तर रडला नाही की सॉरी म्हणाला नाही, उलट म्हणे, पप्पा पण दुकानात सांगतात ना बिल नको, थोडं कमी करा, मग ती चोरी नाही का? ताई लिहितात की रोज संध्याकाळी दिव्यापुढे बसून शुभं करोति म्हणणारं पोर हे, संस्कार वाया गेले का आणि आता उशीर झाला का.

ताई, मी २६ वर्षं इंदूरमध्येच शाळांमधून समुपदेशक म्हणून काम केलं, आता घरूनच बघते मुलांना. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे संस्कार हा शब्द आपण असा वापरतो जणू ती एफडी आहे, पाच-सहा वर्षांपर्यंत भरून टाकायची आणि मग जन्मभर व्याज खायचं, आणि तेराव्या वर्षी पोरगं असं काही करून बसलं की वाटतं बँकच बुडाली. तसं नसतं हो. बरं काय वाईट काय हे ठरवायची माणसाची रीत पाचव्या वर्षी एक असते, दहाव्या वर्षी दुसरी, विसाव्याला तिसरी, आणि ऐंशीव्या वर्षी पण ती बदलते, त्यावर येते पुढे. पाच वर्षांचा असताना "देवबाप्पा रागावेल" हे कारण त्याला पुरलं, आता पुरत नाही, नवीन कारण लागतंय आणि ते तो तुमच्या घरात, तुमच्यासमोरच शोधतोय, जरा उद्धटपणे शोधतोय एवढंच.

बीएड केलेल्यांना पियाजे हे नाव माहीत असतं, परीक्षेपुरतं पाठ करून विसरलेलं. स्वित्झर्लंडचा हा मानसशास्त्रज्ञ मुलांबरोबर चक्क गोट्यांच्या खेळात बसला आणि विचारत सुटला, हा नियम कोणी केला, बदलता येईल का. त्यावरचं पुस्तक १९३२ चं. लहान मुलं सांगायची की नियम पहिल्यापासूनच आहेत, मोठ्यांनी केलेत, बदलायचे नाहीत, आणि खेळताना मात्र हीच मुलं ते नियम खुशाल मोडायची. दहा-अकराच्या पुढची म्हणायची, सगळे हो म्हणाले तर बदलू की. आपल्या कॉलनीत संध्याकाळी क्रिकेट चालतं तिथे उभं राहून ऐका, एक टप्पा आउट, गुप्ताजींच्या गेटला लागला तर दोन रन, जिसने मारा वो लाएगा. रोज नवीन कायदेमंडळ भरतं तिथे. नियम आपणच करतो हे ज्याला मैदानावर कळलं तो घरी येऊन विचारणारच की इथले कोणी केले.

पियाजेंची दुसरी परीक्षा कपांची. एका मुलाने जेवायला बोलावलं म्हणून दार ढकललं, दारामागे ट्रे होता हे त्याला माहीत नव्हतं, १५ कप फुटले. दुसरा आई घरात नसताना चोरून जॅम काढायला वर चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? सहा-सात वर्षांपर्यंतची बरीच मुलं म्हणतात पहिला, कारण १५ फुटले. मोठी मुलं विचारतात, मुद्दाम केलं का. आधी नुकसान मोजायचं, मग हळूहळू हेतू बघायला शिकायचं. आपल्या कायद्यातही हे मुरलेलं आहे बरं का, जुन्या १८६० च्या दंडसंहितेपासून आत्ताच्या न्यायसंहितेपर्यंत सात वर्षांखालच्या मुलाने केलेलं काहीच गुन्हा धरत नाहीत आणि सात ते बारा असेल तर त्याला समज किती होती ते बघतात. आणि महाभारतातल्या मांडव्य ऋषींनी तर खुद्द यमधर्माला सुनावलं होतं की लहानपणी किड्यांना काडी टोचली म्हणून मला सुळावर चढवतोस काय, यापुढे चौदा वर्षांपर्यंत पाप लागणार नाही. म्हणजे तुमच्या चिरंजीवांना अजून एक वर्ष सूट आहे!

पण मला त्या कपांपेक्षा आपली आडा बाजाराची गोष्ट जास्त कामाची वाटते, वर्षानुवर्षं मी तीच वापरते. इंदूरच्या लोकांना माहीतच आहे, तरी सांगते. अहिल्याबाई होळकरांचे चिरंजीव मालेराव, त्यांच्या रथाखाली गायीचं वासरू मेलं, ते थांबले नाहीत. अहिल्याबाईंनी रस्त्यात बसलेली गाय पाहिली, चौकशी केली, आणि सुनेलाच विचारलं की आईसमोर तिचं लेकरू मारणाऱ्याला काय शिक्षा. ती म्हणाली, तीच. मग मालेरावांना हातपाय बांधून रस्त्यावर टाकलं, रथ हाकायला कोणी तयार होईना म्हणून बाई स्वतः बसल्या, आणि तीच गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आड येऊन उभी राहिली, म्हणून आडा बाजार. इतिहासात मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले, त्यामुळे ही दंतकथाच. आणि अगदी हीच गोष्ट तमिळनाडूत तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाच्या नावावर सांगतात, तिथेही रथ, वासरू आणि गाय. पण माझ्या कामाला दंतकथा चालते.

मी गोष्ट सांगते आणि विचारते, अहिल्याबाईंनी बरोबर केलं का? हो की नाही यात मला फारसा रस नसतो, मग विचारते का. सगळी मजा त्या "का" मध्ये आहे. पहिलीतली मुलं म्हणतात बरोबर केलं, वासरू मेलं ना. रथ जोरात होता का, दिसलं का नाही, कशाचाच संबंध नाही, मेलं म्हणजे मेलं. तिसरी-चौथीत वकिली सुरू होते, "पण मॅडम घोडे एकदम थांबत नाहीत ना", "त्याने मुद्दाम थोडीच मारलं". पाचवी-सहावीत बहुतेकांना चांगला मुलगा, चांगली आई यात जास्त रस, लोक काय म्हणतील, आई असून असं कसं करेल. आठवी-नववीच्या आसपास राज्य शिरतं त्यांच्या डोक्यात, राणीने स्वतःच्या मुलाला सोडलं तर उद्या दुसऱ्या कोणाला कुठल्या तोंडाने शिक्षा देणार. आणि कॉलेजची मुलं खुर्चीत मागे रेलून म्हणतात की हे सगळं नंतर रचलेलं आहे, प्रत्येक राजघराण्याला अशी एक स्टोरी लागते. (हे तर खरंच आहे, पण प्रश्न तो नव्हता.)

एकदा सातवीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मी म्हटलं तुला काय वाटतं, तर म्हणाली, "गायीला कोणी विचारलं का? तिला दुसऱ्या आईचं पण मूल मेलेलं हवं होतं का?" मला क्षणभर काही सुचलंच नाही. इतकी वर्षं ही गोष्ट मी न्यायाची म्हणून सांगत होते आणि गोष्टीतली गाय रथाच्या आड येऊन नेमकं हेच तर सांगते.

यात मी जे करते ते कोहलबर्ग यांच्याकडून उचललेलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, १९५८ चा पीएचडी प्रबंध, शिकागोच्या आसपासचे १०, १३ आणि १६ वर्षांचे ७२ मुलगे घेतले आणि त्यांना हाइन्झची गोष्ट सांगितली, बायको कॅन्सरने मरतेय, औषधवाला २०० डॉलर खर्चाच्या औषधाचे २,००० मागतोय, नवऱ्याकडे कसेबसे १,००० जमलेत, चोरी करावी का. उत्तरामागच्या कारणांवरून त्यांनी सहा पायऱ्या लावल्या, शिक्षेची भीती, मग देवाणघेवाण, मग चांगलं म्हणवून घेणं, मग कायदा-व्यवस्था, आणि त्यावर दोन तत्त्वांच्या. त्याच मुलांना पुढे सुमारे वीस वर्षं अधूनमधून गाठून विचारलं. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या पायरीवर स्थिरावतात, सहावी तर इतकी दुर्मिळ की शेवटी मोजणीतूनच काढली. कॅरोल गिलिगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये कोहलबर्गना पकडलं की बाबा रे तू फक्त मुलगे घेतलेस, काळजी घेणं, नातं तुटू न देणं हेही नीतीच आहे, ती खालची पायरी कशी? स्त्री-पुरुषांत नंतरच्या तपासण्यांमध्ये फार फरक निघाला नाही, पण मुद्दा टिकला, माझ्या त्या सातवीतल्या मुलीसारखा.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर १९८७ मध्ये श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुवनेश्वरच्या आणि शिकागोच्या मुलांना सारखेच प्रश्न विचारले. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि चिकन खाल्लं, हे भुवनेश्वरच्या मुलांना फार भयंकर पाप वाटलं, शिकागोच्यांना कळेचना यात चूक काय. आपल्या घरात सुतकात कोणी असं केलं तर? मला सुद्धा कसंतरी होईल, आणि मी स्वतःला मॉडर्न समजते. म्हणून त्या सहा पायऱ्या मी शिडीसारख्या वापरत नाही, तू तिसरीवर, तू चौथीवर, असलं काही नाही. फक्त "का" विचारायची सवय त्यांच्याकडून घेतली.

आता तुमच्या पोराकडे येऊ. "पप्पा पण" हे वाक्य एकाच वेळी दोन गोष्टी असू शकतं. एक म्हणजे खरा विचार, की नियम सगळ्यांना सारखा हवा, मोठ्यांना वेगळा का, आणि तेराव्या वर्षी हे सुचणं चांगलं लक्षण आहे, सहा वर्षांच्याला सुचत नाही. दुसरं म्हणजे पळवाट. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी या पळवाटांचा मोठा अभ्यास केलाय, आपण वाईट करतो तेव्हा आपला न्याय बदलत नाही, त्याला थोडा वेळ झोपवतो, दुसऱ्याचं मोठं पाप शेजारी ठेवलं की आपलं लहान दिसतं, नाहीतर शब्द बदलतो. लाच म्हणत नाही आपण, चहापाणी म्हणतो. तुमचा मुलगा पण बघा, "चोरले" म्हणाला नसेल, "आजीच्या फोनवरून रिचार्ज केलं" असं काहीतरी म्हणाला असेल.

यातलं कोणतं हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारते, आणि शांतपणे, जेवताना नाही आणि पप्पांसमोर तर मुळीच नाही: "बरं, पप्पांनी उद्यापासून प्रत्येक ठिकाणी पक्कं बिल घेतलं तर तू आजीचे पैसे परत देशील?" खरा विचार असेल तर थोडा अडखळून हो म्हणतो. पळवाट असेल तर लगेच दुसरं उदाहरण काढतो, मग शेजारचे काका, मग नेते. बहुतेक मुलांमध्ये दोन्हीचं मिश्रण निघतं, खरं सांगायचं तर माझ्यात आणि तुमच्यात पण.

कारण काय बरोबर हे कळणं आणि तसं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचं नातं आहे पण आपल्याला वाटतं तेवढं घट्ट नाही. १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांना फसवायची संधी देऊन पाहिली, परीक्षेत, खेळात, घरी. त्यांना असं निघालंच नाही की काही मुलं प्रामाणिक आणि काही लबाड, एका ठिकाणी फसवणारा दुसऱ्या ठिकाणी सरळ वागायचा, जागा आणि पकडलं जायची शक्यता यावर बरंच ठरायचं. आपलं इंदूर घ्या ना. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत पहिलं, सातव्यांदा सुरतबरोबर विभागून. आज छप्पन दुकान या खाऊगल्लीत कोणी रॅपर खाली टाकला तर चार वर्षांचं पोर टोकतं, मी स्वतः चॉकलेटचा कागद पर्समध्ये घालून घरापर्यंत आणलाय. आणि हेच आपण इंदूर-पुणे गाडीत बसलो आणि रतलाम मागे पडलं की खिडकीतून शेवेची रिकामी पुडी बाहेर! मी पाहिलंय, आमच्याच डब्यात, आमच्याच ओळखीच्या घरातले. त्या माणसाचे संस्कार रतलामला उतरले का?

तुमच्या घरात काय होतं ते बघा. पिन त्याला माहीत, आजीला मेसेज वाचता येत नाहीत, मित्र सगळे डायमंड घेतायत. मित्र बघत असले की या वयातली मुलं एकटी असतानापेक्षा जास्त रिस्क घेतात, हे प्रयोगांतही दिसलंय. एवढं सगळं समोर ठेवल्यावर शुभं करोतिने एकट्याने काय काय सांभाळायचं? पिन आजच बदला. याला अविश्वास म्हणू नका, तुमच्या घराला कुलूप आहेच ना.

मोठेपणीचं थोडक्यात सांगते. वाढ अठराला थांबत नाही, पण आपोआप चालूही राहत नाही. जेम्स रेस्ट आणि त्यांच्या मंडळींनी मोठ्यांवर केलेल्या चाचण्यांमध्ये नुसत्या वयापेक्षा शिक्षणाचा संबंध जास्त दिसला, शिकत राहणाऱ्यांची विचार करायची पद्धत बदलत राहिली, शिक्षण सुटलं की बऱ्याच जणांची जिथल्या तिथे राहिली. मला यात डिग्रीपेक्षा आपल्याहून वेगळ्या माणसांशी बोलावं लागतं हे महत्त्वाचं वाटतं, पण हे माझं मत.

आता म्हातारपण, म्हटलं होतं येईन म्हणून. माझी आई ८३ वर्षांची, रामबागेत आमच्याकडेच असते. मागच्या दिवाळीत कामाच्या बाईंच्या हातून ओल्या फरशीवर ट्रे घसरला, सहा कपबशा गेल्या. त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा पाच वर्षांचा मुलगा चकलीच्या डब्यासाठी, नको सांगितलेलं असताना, स्टुलावर चढला आणि एक कप फोडला. मी सवयीने दोघांना, आईला आणि पोराला, विचारलं की जास्त चूक कोणाची. दोघं एका सुरात म्हणाले, बाईंची! पोराने बोटं दाखवून सांगितलं, सहा. आई म्हणाली, "सहा फोडले तिने, बघून चालायला काय झालं." ही तीच आई, जिने माझ्या हातून लोणच्याची बरणी पडली होती तेव्हा तेल पुसता पुसता फक्त विचारलं होतं, "मुद्दाम केलंस का? नाही ना, मग पायाला काच लागेल, बाजूला हो."

मला आधी तिचा राग आला, मग वाईट वाटलं. काही अभ्यासांत दिसलंय की वय बरंच झालं की चुकून झालेल्या नुकसानीला माणसं जास्त कडक लेखतात, दुसऱ्याच्या मनात काय होतं हे धरून ठेवायला डोक्याला जास्त कष्ट पडतात. सगळ्यांचं तसं होत नाही, काही जण उलट जास्त क्षमाशील होतात. त्यामुळे तुमच्या सासूबाई जर "१,४०० रुपये! चोर निघाला!" असं सात दिवस म्हणत असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, आणि मुलाला पण सांगा की आजी रक्कम मोजतेय, तिला मोजू दे.

आणि एक, प्रश्नात नाही पण लिहून ठेवते. पन्नाशी-साठीतलं सरळ माणूस अचानक दुकानातून वस्तू उचलायला लागलं, घरच्यांच्या दुःखाचं काही वाटेनासं झालं, कुठेही काहीही बोलायला लागलं, आणि स्मरणशक्ती मात्र ठीक आहे, तर त्याला नालायक म्हणायच्या आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. मेंदूच्या पुढच्या भागाचा एक डिमेन्शिया असाच सुरू होतो. एका ओळखीच्या घरात दोन वर्षं भांडणात गेली आणि नंतर स्कॅन झाला.

बरं, करायचं काय. ओरडून झालं असेलच, आता प्रवचन नको. मार, धमकी किंवा "माझ्याशी बोलू नकोस" यापेक्षा, तुझ्या वागण्याने समोरच्याचं काय झालं हे दाखवणं मुलांमध्ये जास्त टिकतं, मार्टिन हॉफमन यांनी हे बरंच तपासलंय आणि माझा अनुभवही तोच. तर आजीशी त्याने स्वतः बोलायचं, तुम्ही शेजारी बसायचं पण तोंड उघडायचं नाही. आजीला विचारायला लावा की ते पैसे कशासाठी ठेवले होते. बहुतेक त्याच्याच वाढदिवसाचे निघतील, आज्या तशाच असतात. आणि पैशापेक्षा पिनवर बोला, आजीने विश्वासाने फोन हातात दिला होता, तो भाग त्याला १,४०० पेक्षा जास्त लागेल. परतफेड खिशातल्या पैशातून, महिन्याला २०० म्हटलं तर सात महिने, व्याज लावू नका, मध्येच माफही करू नका.

पप्पांचं काय? ते टाळता येणार नाही ताई, पोराने बरोबर जागी बोट ठेवलंय. पप्पांनी "मी मोठा आहे, ते वेगळं" म्हटलं तर तिथेच संपलं. त्यांनी एवढंच म्हणावं की हो, ते मी चूक करतो, आणि पुढच्या खरेदीला त्याला बरोबर नेऊन बिल मागावं. दुकानदार तोंड वाकडं करेल, पोराला ते पण बघू दे.

आणि एखाद्या रविवारी संध्याकाळी त्याला राजवाड्याला घेऊन जा, आडा बाजारातून चालत, पुढे सराफ्यात काही खायला घाला, पोट भरल्यावर ती रथाची गोष्ट सांगा आणि विचारा बरोबर केलं का. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका, फक्त एकदा "का" म्हणा. काय म्हणाला ते मला कळवा, माझ्या वहीत तेरा वर्षांच्या मुलांची बरीच उत्तरं आहेत, पण स्वतः नुकताच पकडला गेलेला अजून एकही नाही.